टाकी जिवंत आहे, मॅडम

मॅडम, टाकी जिवंत आहे.

हे आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही असतात तर माझ्या नमस्काराला उत्तर द्यायच्या आधी हेच विचारलं असतंत. दसरा होऊन गेला. कारखान्यांच्या दारांवरची झेंडूची तोरणं अजून पुरती सुकलेली नाहीत, आणि आपल्या सांडपाणी केंद्रातल्या हवेच्या टाकीतलं पाणी तुम्हाला आवडायचं तसंच आहे, दूध जरा कमी पडलेल्या चहासारखं तपकिरी. वास मातीचा. पांढरा फेस कुठंच नाही. आपले फिटर रफिकभाई सकाळी कठड्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले. "मॅडम के कीडे जी गए, मियाँ," म्हणाले. मग टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा एवढा मोठा आवाज चालू असतानाही हळूच म्हणाले, "उनकू बताना था ना."

म्हणून लिहायला बसलोय.

तुम्ही गेलात त्याला फार दिवस झालेले नाहीत. शोकसभेत लोकांनी तुमचं शिक्षण सांगितलं, नोकऱ्या सांगितल्या, मानसन्मान सांगितले. सगळं खरं होतं, पण ऐकताना मला वाटत होतं की हे कुणा दुसऱ्याच बाईंबद्दल चाललंय. माझ्या मॅडम मला भेटल्या त्या दह्याच्या भांड्यात.

तुम्हाला ती मुलाखत आठवत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. खुलताबादच्या पुढचं आमचं गाव. वडील मेंढरं राखायचे. घरात दहावी झालेला मी पहिला, आणि बी.एस्सी. झालेलाही अर्थात पहिलाच. शेंद्र्याच्या पलीकडं लहान कारखान्यांनी मिळून सांडपाणी स्वच्छ करायचं केंद्र काढलंय, तिथं माणूस हवाय, असं कळलं म्हणून मित्राचा शर्ट घालून आलो होतो. टेबलापलीकडून एका साहेबांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तिसरं वाक्य काही जुळेना. कुणीतरी माझा अर्ज बाजूला सरकवला. तेवढ्यात तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"दही लागलं नाही तर तुझी आई काय करते?"

मला वाटलं थट्टा करताय. पण तुम्ही खरोखर वाट बघत होतात.

"थंडीमुळं असलं तर भांडं चुलीच्या कडेला ठेवते, मॅडम. गोधडीत गुंडाळते. विरजण कमी पडलं असंल तर शेजारून मागून आणते."

"आणि उकळत्या दुधात विरजण घातलं तर?"

"नाय मॅडम. विरजण मरतं."

"मरतं म्हणाला, ऐकलंत?" तुम्ही बाकीच्यांकडं वळलात. "ते जिवंत असतं हे याला शिकवावं लागणार नाही. घ्या याला. इंग्रजीचं मी बघते."

घरी सांगितलं तर आईचा विश्वास बसेना. "दह्यावर नोकरी लागली व्हय रं?" तेव्हापासून तिच्या लेखी तुम्ही 'दह्याची बाई'. तुमची बातमी सांगितली तेव्हा ती भाकरी थापत होती. हात तसाच पिठात ठेवून म्हणाली, "दह्याची बाई गेली?" आणि मग कितीतरी वेळ तव्यावरची भाकरी कुणी उलटलीच नाही.

इंग्रजीचं तुम्ही खरंच बघितलंत. रिपोर्ट आधी मराठीत लिहायला लावायचात. "टाकीत काय झालं ते आधी तुला कळू दे. मग ते साहेबांच्या भाषेत नेऊ." आज मी परक्या लोकांसमोर उभं राहून न अडखळता बोलतो, पण डोक्यात वाक्य आधी मराठीतच उभं राहतं, आणि ते उभं राहीपर्यंत गप्प राहायची लाज वाटत नाही. हे तुमचं देणं आहे.

आणि भांडण? तेही तुमचंच देणं. ते अर्धवट टाकून गेलात याचा मला अजून राग आहे.

केंद्रात मेम्ब्रेन आलं तेव्हा मी वेडा झालो होतो. म्हणायला पडदा, पण दिसायला शेवयांसारख्या पांढऱ्या पोकळ धाग्यांचे झुबके. धाग्याच्या अंगाला इतकी बारीक छिद्रं, की पाणी आत शिरतं आणि जीवाणूसुद्धा बाहेरच राहतो. टाकीत गढूळ तपकिरी रबडी, आणि पंपाच्या दुसऱ्या टोकाला आरपार दिसणारं पाणी. मी काचेच्या ग्लासात ते धरून सगळ्यांना दाखवत हिंडत होतो. तुम्ही ग्लासातून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "छान आहे गाळणी."

"गाळणी काय मॅडम!"

"गाळणीच. चहा माझे जीवाणू करतात. तू फक्त पत्ती अडवतोस."

"मग पिऊन दाखवा गाळणीशिवाय. पत्तीसकट."

"आणि साखर? साखर अडवते का तुझी गाळणी? पाण्यात विरघळलेली घाण तुझ्या छिद्रातून हसत हसत निघून जाईल, रामदास. तिला कुणीतरी खावंच लागतं."

"खाऊन खाऊन तुमचे जीवाणू पाण्याबरोबर वाहून जायचे आधी. त्यांना घरात कोंडून ठेवलं कुणी? माझ्या पडद्यानं."

रफिकभाई पाना हातात घेऊन उभे असायचे. "तुम दोनो लडो. मेरेकू चाय पिलाव."

रोज हेच. भेटणारा नवा माणूस घाबरायचा, की यांचं काहीतरी बिनसलंय.

मग पहिला दसरा आला. इथला प्रत्येक कारखाना खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतो, आणि पूजा म्हटली की आदल्या दिवशी सफाई. वर्षभराचं तेल, काजळी, चिकटा, सगळं एकाच दिवशी निघतं. फिनेल, अॅसिड, सोडा, बादल्यांवर बादल्या, आणि सगळं आपल्याच नाल्यानं आपल्याकडं. माणसं किती मनापासून फरशी घासत होती! देवाच्या नावानं केलेल्या त्या स्वच्छतेनं आपली टाकी मारली.

मला ते कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की प्रेशर गेजचा काटा चढतोय, म्हणजे माझा पडदा तुंबतोय. धुतला. पुन्हा तुंबला. तुम्ही थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतलंत, मायक्रोस्कोपला डोळा लावलात आणि मला जवळ बोलावलंत.

"तुझी गाळणी बिघडलेली नाही. माझी माणसं मेलीत. त्यांचीच चिखलाची थप्पी तुझ्या धाग्यांना बसलीय."

त्यानंतरचे ते आठवडे माझ्या आयुष्यातलं खरं कॉलेज. शहराच्या प्रक्रिया केंद्रातून टेम्पोनं जिवंत गाळ आणला, विरजणासाठी. शेण कालवलं. गूळ भिजवला. तुम्ही साडीचा पदर खोचून कठड्याशी उभ्या, आणि सगळ्यांना सांगताय, "हळू. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवायचं नाही." आणि एका दुपारी मला हाक मारलीत. मायक्रोस्कोपखाली, गाळाच्या एका कणावर, देठावर उभी असलेली इवलीशी धोत्र्याची फुलं. उघडी तोंडं, काठाला हलणारी लव. काचेला जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडायचा, आणि मग फूल पुन्हा सावकाश वर यायचं. "ही आली की समज, घर वसलं," तुम्ही म्हणालात. प्राणी आहेत ते, त्यांचं शास्त्रीय नाव तुम्ही मला पाठ करायला लावलंत, पण आपल्या दोघांत ती धोत्र्याची फुलंच राहिली.

पुढच्या वर्षीपासून तुम्ही दसऱ्याआधी कारखान्या-कारखान्यांत जायला लागलात. एका हातात हळदीकुंकवाचं तबक, दुसऱ्या हातात आपल्या टाकीतल्या गाळाची काचेची बरणी. "खंडेनवमीला आमच्या टाकीची पूजा आहे, यायचं. येताना गूळ आणायचा. आणि फिनेल या वर्षी वापरायचं नाही." लोक कुंकू लावून घ्यायचे, गूळही द्यायचे, बरणीकडं बघून नाक मुरडायचे आणि तुमची पाठ वळली की फिनेल ओतायचे. दर दसऱ्याला टाकी आजारी. गेल्या वर्षी तर पुन्हा मेलीच.

केंद्राचे अध्यक्षसाहेब सभेत काय बोलले ते मी विसरणार नाही. "मॅडम, दरवर्षी तुमच्या टाकीचं बारसं, आणि दरवर्षी बारावं. पुरे झालं. येत्या दसऱ्याला मेली तर टाकीला टाळं. पाणी टँकरनं बाहेर पाठवू, आपल्याला काय!"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "मरणार नाही," एवढंच म्हणालात आणि कागद आवरलेत.

शब्द तुम्ही दिलात आणि दसरा माझ्यावर सोडून गेलात.

दवाखान्यातली ती संध्याकाळ. मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आलो होतो. बसमधून उतरल्यापासून वाक्यं जुळवत होतो, मराठीतच. मी बसायच्या आत तुम्ही विचारलंत, "हवा किती आहे?"

"पुरेशी आहे मॅडम, ब्लोअर व्यवस्थित."

"दसऱ्याला तू जा सगळीकडं. तबक मात्र नेऊ नको, तुला हसतील."

"मग काय नेऊ?"

"ते तुझं तू बघ. सगळं मीच सांगू का?" मग डोळे मिटून, ओठांत हसू ठेवून म्हणालात, "टाकी जगली तरी मनात म्हणशील, पडद्यामुळंच जगली."

मी हसलो. नर्स आली. "उद्या येतो मॅडम," म्हणून उठलो. जुळवलेली वाक्यं तशीच परत घेऊन गेलो, आणि मग ती सांगायला तुम्ही नव्हतात.

काय न्यावं, याचा बरेच दिवस विचार केला. शेवटी तुमचा मायक्रोस्कोपच गोधडीत गुंडाळला आणि रफिकभाईंच्या मागं मोटारसायकलवर बसलो. त्यांनी आयुष्यात एवढी हळू गाडी चालवली नसेल. "मॅडम बैठी है समझ के चला रहा," म्हणाले.

पहिला कारखाना मसाल्याचा. मालकाच्या केबिनमध्ये गेलोच नाही. जिथं बादल्या आणि खराटे ठेवतात तिथं गेलो, खिडकीशी स्टुलावर मायक्रोस्कोप मांडला आणि सफाईवाल्या बायकांना बोलावलं. त्यांच्या मुकादम सखूमावशी सगळ्यात पुढं.

"काय दाखवतुयस रं? लग्नाचे फोटो हायेत का?"

"बघा तर मावशी. एक डोळा मिटा."

त्यांनी डोळा लावला, मान जरा इकडंतिकडं केली. मग ओरडल्या, "अगं बया, फुलं हायेत! हालत्यात! अगं, नाचत्यात की!" मग काय, मिरचीच्या खकाण्यानं शिंकत शिंकत सगळ्यांनी रांग लावली.

सगळ्यांचं बघून झाल्यावर मी त्यांच्याच बादलीतल्या फिनेलचा एक थेंब काचेच्या कडेला सोडला आणि म्हणालो, "आता बघा."

सखूमावशी बघत राहिल्या. बाकीच्या विचारत होत्या, काय दिसतंय, काय झालं. मग त्यांनी मान वर केली.

"थांबली की रं. मेली का?"

"व्हय मावशी."

"ही तुमच्या टाकीतली? बाईंच्या बरणीतली?"

"व्हय. हीच आपलं पाणी साफ करतात."

"अन् दर दसऱ्याला आम्ही हे ओततो?" त्या माझ्यावरच चिडल्या. "मंग बाईंनी आधी असं दावायचं नाय का! नुसतं वापरू नका, वापरू नका. आमाला वाटलं, बाई फिनेल वाचवायला सांगतायत."

मॅडम, तिथं मला हसू आलं आणि तुमची फार आठवण आली. इतकी वर्षं तुम्ही बरणी दाखवलीत, आणि बरणीत लोकांना चिखल दिसला. तुम्हाला त्यात फुलं दिसायची, म्हणून इतरांनाही दिसत असतील असं तुम्ही धरून चाललात. मला चिखल दिसण्यापासून फुलं दिसण्यापर्यंतचा रस्ता ठाऊक होता, कारण त्या रस्त्यावरून तुम्हीच मला हाताला धरून नेलं होतंत.

पण एक अडचण होती, आणि ती मावशींनीच सांगितली. "फिनेलचा वास आल्याबिगर आमच्या सायबाला सफाई झाल्यासारखी वाटत नाय."

यावर रफिकभाई बोलले. "मौसी, ऊद जलाव. साब बोलेंगे, वा, क्या खुशबू."

झालं. तेलावर लाकडाचा भुसा टाकायचा, खराट्यानं कोरडं झाडून घ्यायचं, मग साधं पाणी, आणि शेवटी ऊद. हाच मंत्र घेऊन आम्ही एकेक कारखाना करत गेलो. पुढं पुढं तर आमच्या आधी सखूमावशीच पोचलेल्या असायच्या. बेकरीतल्या बायकांना त्या फोनवर सांगत होत्या, "पोरगा डबा घेऊन येतूय, त्यात डोळा घालून बघा. नाय बघितलं तर मला बोलू नका."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आणि रफिकभाई सकाळपासून नाल्याच्या तोंडाशी बसलो होतो. पाणी येत होतं. काळपट, भुशाचे कण, थोडी हळद. रफिकभाई ओंजळीनं वारा घेऊन वास बघायचे. "फिनेल नक्को. मसाले की बास है." दुपारपर्यंत असंच. मला वाटायला लागलं, जमलं.

आणि मग एका लाइनीतून दुधासारखं पांढरं पाणी आलं.

मी धावत जाऊन आपल्या टाकीकडची झडप बंद केली. रफिकभाईंनी ते पाणी राखीव टाकीकडं वळवलं. राखीव टाकी लहान आहे, तुम्हाला माहीत आहे. आणि ती लाइन कुणाची, तेही तुम्ही ओळखलं असेल. अध्यक्षसाहेबांच्या कारखान्याची. तिथं त्यांच्या मॅनेजरनं आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं.

फोन हातात घेतला. तुम्ही असतात तर काय बोलला असतात, याचा विचार करायला वेळ नव्हता. वाक्य आपोआप उभं राहिलं, मराठीत, जसंच्या तसं तोंडातून गेलं. "साहेब, रामदास बोलतोय. टाकी जिवंत आहे आणि फिनेल तुमच्या लाइनीतून येतंय. राखीव टाकी भरली की मला तुमचा नाला बंद करावा लागेल, मग पाणी तुमच्याच आवारात तुंबेल."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "माझ्या?"

"हो साहेब."

फोन ठेवला गेला. राखीव टाकी काठापर्यंत आली होती. मी आणि रफिकभाई एकमेकांकडं बघत नव्हतो. आणि पांढरं पाणी पातळ झालं, राखाडी झालं, थांबलं.

संध्याकाळी साहेब स्वतः आले. मागं ड्रायव्हर, त्याच्या डोक्यावर गुळाची ढेप. मायक्रोस्कोपकडं बोट केलं. मी थेंब लावला. ते चष्मा कपाळावर सरकवून वाकले. मी त्यांना लव दाखवली, देठ आखडतो ते दाखवलं, अगदी तुम्ही मला दाखवलं होतंत तसं.

"या बाई मला इतकी वर्षं हे सांगत होत्या?" ते वर न बघता म्हणाले.

"हो साहेब."

दुसऱ्या दिवशी टाकीची पूजा झाली. सखूमावशींनी कुंकू वाहिलं ते कठड्यालाच. फुलं आणि नारळाची शेंडी पाण्यात पडू नये म्हणून रफिकभाई दोन्ही हात पसरून उभे होते. "पानी में कुछ नक्को. रामदास के सेवये में अटकता." लोक तुमच्यासाठी आले होते, मॅडम. ज्या कारखान्यांत त्यांनी तुमच्याकडून हसून कुंकू लावून घेतलं होतं, तिथून ते गूळ घेऊन आले होते.

आता आपलं भांडण. पहिल्या वर्षी शेण कालवलंत तेव्हा ते जुन्या लुगड्यातून दोनदा गाळून घ्यायला लावलंत. मी कंटाळलो तर म्हणालात, "एकही काडी तुझ्या शेवयांत अडकायला नको." म्हणजे गाळणीची काळजी तुम्हाला माझ्याइतकीच होती, फक्त तोंडानं कबूल करायचं नव्हतं. आणि परवा पांढरं पाणी आलं तेव्हा मला पडदा आठवलासुद्धा नाही. मला फुलं आठवली. म्हणून दवाखान्यातल्या त्या वाक्याचं उत्तर: नाही मॅडम, पडद्यामुळं जगली असं मी मनातसुद्धा म्हणालो नाही. तरी गाळणीशिवाय चहा पिता येत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

आणि जुळवलेली वाक्यं. त्यातली बरीचशी विसरलो. एवढं उरलं: त्या दिवशी टेबलापलीकडून माझा अर्ज सरकवला गेला होता, आणि तुम्ही मला माझ्या आईच्या चुलीपाशी नेऊन उभं केलंत, जिथं मला सगळं येत होतं. तिथून पुढं मी कुठंच अडखळलो नाही.

काल सभा झाली. टाळं लावायचा विषय निघालाच नाही. टाकी राहणार. सगळे उठायला लागले, तेवढ्यात अध्यक्षसाहेबांनी मला थांबवलं.

"रामदास, दिवाळीत सगळे कारखाने बंद असतात. सांडपाणीच नसतं. मग ही फुलं काय खातात?"

मॅडम, इतक्या वर्षांत हे कुणीही विचारलं नव्हतं. दर लक्ष्मीपूजनाला घरचं आवरून तुम्ही एकट्याच पातेलं घेऊन केंद्रावर यायचात, हे त्या सभेत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

"गूळ खातात, साहेब," मी म्हणालो. "मॅडम घालायच्या. आता मी घालणार."

"लक्ष्मीपूजनाला मीही येतो," ते म्हणाले. "किती वाजता जेवतात ती?"